बटलर निर्दोष आहे

माझे निपाणीचे थोरले साडू हे उभ्या सीमाभागातले सर्वांत न्यायी गृहस्थ आहेत असं मी शपथेवर सांगेन, आणि इतका न्यायी माणूस कुणाच्या नात्यात नसावा असंही त्याच शपथेवर सांगेन. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांनी हयात काढली. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण मोजायचा टेप काही खिशातून निघाला नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की ते आधी पायरीची उंची घेतात आणि मग चहा घेतात. थोरल्या मुलीच्या लग्नात मुहूर्ताला दहा मिनिटं उरली असताना मांडव एका अंगाला चार बोटं कलला आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. तो सरळ होईपर्यंत त्यांनी कुणाला आत घेतलं नाही. वरपक्ष उन्हात उभा राहिला, आणि व्याही अजून त्यांच्याशी मोजकंच बोलतात. घरात दूध उतू गेलं तर गॅसपाशी शेवटी कोण होतं, कुणी काय पाहिलं, याचे ते रीतसर जबाब घेतात. एकदा त्या चौकशीत मी सापडलो. दोष आक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि आक्का स्वतःही कबूल करत होत्या, पण दाजी ऐकेनात.

"कबुलीला काय अर्थ हाय मास्तर?" ते मला म्हणाले. "माणूस वैतागून बी कबूल हुतंय."

अशा माणसाच्या हाती एक जुनं नभोनाट्य लागलं, हे त्या नाटकाचं दुर्दैव. कोणे एके काळी त्यांच्या भावानं रेडिओवरून ते कॅसेटवर उतरवून घेतलं होतं. निवृत्तीनंतर कपाट आवरताना ती कॅसेट दाजींना सापडली. गोष्ट परदेशातल्या एका गढीची. गढीत वरच्या मजल्यावर एक शापित शयनगृह, तिथं जो झोपेल तो सकाळी मेलेला आढळतो. तीन पाहुणे असे जातात. मग एक गुप्तहेर येतो आणि सांगतो की शापबिप काही नाही. कपाटामागं चोरदार आहे, आणि त्यातून गढीचा म्हातारा बटलर येऊन झोपलेल्याच्या तोंडावर उशी दाबतो. बटलर कबूल होतो आणि फासावर जातो. शाप, तीन खून, शोध, कबुली आणि फाशी, सगळं अर्ध्या तासात. आपल्याकडं सरकारी कचेरीत तेवढ्या वेळात साहेबांचा पंखासुद्धा सुरू होत नाही.

तुम्ही-आम्ही हे ऐकून जरा शहारलो असतो आणि जेवायला बसलो असतो. दाजींनी पावलं मोजली. कपाटापासून पलंगापर्यंत मारेकऱ्याची चौदा पावलं वाजतात आणि तेवढ्यात भिंतीवरचं घड्याळ पाच ठोके देतं. आता बटलर एका पायानं लंगडा आहे, हे पहिल्याच प्रवेशात सांगितलेलं. लंगडा माणूस पाच ठोक्यांत चौदा पावलं टाकूच शकत नाही. म्हणजे एक निरपराध माणूस फाशी गेला. हे समजल्यावर दाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं आक्का सांगतात. मग त्यांनी त्या शयनगृहाचा नकाशा काढला. पलंग, कपाट, खिडकी, चोरदार, सगळं प्रमाणात, आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. उत्तर कुठून काढली, असं मी विचारलं.

"खिडकीतनं सकाळचं ऊन येतंय म्हणत्यात की," दाजी म्हणाले. "कान द्या जरा."

तो नकाशा चौकट करून त्यांनी सोप्यात लावला. त्याखाली बसवून ते रविवारी जेवणानंतर प्रत्येक पाहुण्याला कॅसेट ऐकवत, पावलं मोजायला हातात पेन्सिल देत. खानापूरच्या एका मेहुण्यानं तेरा मोजली, तर त्याला तो प्रवेश चार वेळा ऐकावा लागला. आता तो फराळाचा डबा एसटीनं पाठवतो, स्वतः येत नाही. रेडिओ केंद्राला दाजींनी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत अर्ज केले. कन्नडमध्ये बटलरला शब्द सापडेना म्हणून 'अडुगेभट्ट', म्हणजे आचारी, असं लिहिलं. एका स्वयंपाक्याला पाच ठोक्यांवरून फाशी का दिलं, या प्रश्नाला केंद्राकडून अर्थातच उत्तर आलं नाही.

मी एकदा धीर करून म्हणालो, "दाजी, अहो, तो बटलर मुळात नाहीच. कुणाला फाशी झालेली नाही."

सिमेंटमध्ये माती मिसळणाऱ्या कंत्राटदाराकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "खोटा हाय म्हणून लटकवायचा व्हय?"

असं अकरा वर्षं चाललं. मग आमच्या शहरातल्या शहापुरात एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. पंगत बसली होती, दाजींचं जिलेबीवर लक्ष होतं. पाठीमागच्या ओळीतून एक थरथरता, खर्जातला आवाज आला, "भाजी नको, आमटी घाला." दाजींचा हात जिलेबीसकट तसाच राहिला. बटलर बोलला होता. चौकशी करता कळलं, गृहस्थ शहापूरचेच, नव्वदीला टेकलेले, जन्मभर हातमाग चालवला आणि तरुणपणी रेडिओ केंद्रावर लहानसहान कामं केली. लोक त्यांना आप्पा म्हणत.

पुढच्याच गुरुवारी दाजी निपाणीहून बसनं आले आणि माझ्या स्कूटरवर मागं बसले, कारण शहापूरच्या बोळात रिक्षा शिरत नाही. बाहेरच्या खोलीत आप्पांची सून मागावर होती. तिनं माग थांबवून आम्हाला आत घेतलं. आप्पा बाजेवर बसून होते. दाजींनी चौकटीतून काढून आणलेला नकाशा बाजेवर पसरला आणि साइटवर मंत्र्याला समजावून द्यावं तसं अर्धा तास समजावून दिलं. आप्पा सगळं शांतपणे ऐकत होते.

"ही पावलं व्हय?" शेवटी ते म्हणाले. "ती मीच वाजवलीती. हातात बूट घालून, टेबलावर."

"चौदा," दाजी म्हणाले.

"कुणी मोजलीत? काचेपलीकडनं साहेब हात खाली करंपर्यंत वाजवायची. त्या टायमाला साहेबास्नी शिंक आली, हात वरच ऱ्हायला. दोन-चार जादा पडली आसतील."

अकरा वर्षं मी या घटकेची वाट बघत होतो. घरी जाऊन बायकोला कसं सांगायचं, हेसुद्धा ठरलेलं होतं. पण दाजी नकाशाची गुंडाळी करू लागले आणि ती त्यांच्या हातून दोनदा सुटली, तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना.

आप्पांनी नकाशावर हात ठेवला. "थांबा साहेब. पर त्यानं केलं न्हवतं, हे तुमचं बराबर हाय. मला बी तवाच वाटलंतं. मी म्हटलं साहेबास्नी, ह्यो लंगडा माणूस जिना चढून तिघांस्नी मारंल व्हय? ते म्हटले, तुला परत जायाची बस हाय न्हवं, मग लौकर कबूल हो."

दाजी खाली बसले. "म्हंजे कबुली वैतागून दिलीसा," ते म्हणाले, आणि सुनेकडं आपणहून चहा मागितला.

तेव्हापासून दर गुरुवारी ते येतात आणि मी त्यांना शहापुरात पोचवतो. दोन म्हातारे एका बाजेवर बसून, कधीच न झालेल्या खुनांचा कीस काढत असतात, आणि मला वाटायचं की वेड वाटून घेतल्यानं निम्मं होत नाही, दुप्पट होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. पण आप्पांची सून मला दारात थांबवून म्हणाली, "मामा म्हैनाम्हैना बोलत न्हवते ओ. आता बुधवारपास्नंच दाढी करा म्हणून मागं लागत्यात."

गेल्या वर्षी आप्पांची आठवण जायला लागली. आधी नातवंडांची नावं गेली, मग मुलाचंच गेलं. बटलर मात्र राहिला, आणि तो आता नाटकातला राहिला नाही. एका गुरुवारी आम्ही गेलो तर दोन दिवसांचं ताट तसंच होतं. पोलीस येणार आहेत म्हणून आप्पा खात नव्हते. दाजींचा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "साहेब, माझ्या केसचं काय झालं?"

मला धास्ती वाटली. चार बोटांसाठी पोटच्या मुलीचं लग्न अडवणारा हा माणूस. आता सांगणार, आप्पा, ते नाटक होतं, पावलं तुम्ही टेबलावर वाजवलीत. दाजी बाजेच्या कडेला टेकले.

"सुटलासा आप्पा," ते म्हणाले. "निर्दोष."

"कागद?" आप्पांनी विचारलं.

पुढच्या गुरुवारी दाजी कागद घेऊन आले. विषय, संदर्भ, सोबत नकाशा एक. 'सविस्तर चौकशीअंती असे दिसून येते की' इथपासून सगळं खात्याच्या भाषेत. पावलं चौदाच लिहिली होती, शिंकेचा उल्लेख नव्हता. गोल शिक्क्याशिवाय आप्पांचा विश्वास बसला नसता आणि निवृत्त माणसाकडं शिक्का कुठला, म्हणून आक्कांच्या महिला बचत गटाचा शिक्का जरा पुसट उमटवला होता. आप्पांनी त्यावरून बोट फिरवलं, कागद उशाखाली ठेवायला लावला आणि वाटीभर आमटी-भात खाल्ला.

पण आठवडाभरात ते विसरतात. दर गुरुवारी कागद उशाखालून निघतो आणि दाजी तो पहिल्या ओळीपासून वाचतात, एक शब्द न गाळता. परवा वाचता वाचता त्यांचा आवाज बसला, तेव्हा उरलेला मी वाचला. खाली साक्षीदार म्हणून माझीच सही आहे.