उतरत्या पाण्यातले वॉलआय

मासा मारायला मी सहाव्या वर्षी शिकले, आणि तेही कोयत्याने. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात पावसाळा लागला की ओढ्यातले मासे अंडी घालायला भातशेतात चढायचे. चढणीचे मासे. सगळं गाव काठ्या-कोयते घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि जे हलेल त्यावर घाव घालायचं. माझ्या चुलत्याच्या पायाचं एक बोट अशाच घावात गेलं, तरी त्या दिवशी घरी मासे आलेच. आम्ही मंडळीच तशी. आमच्याकडे लाडसुद्धा ओरडून करायचे, आणि कोणी चिडलं की हातात असेल ते समोरच्याच्या अंगावर जायचं.

हे सगळं घेऊनच मी अमेरिकेत आले. नवरा पुण्याचा. भांडण होणार असं वाटलं की आधी उठून खिडक्या बंद करणारा. शॉमबर्ग गावातल्या आमच्या घरात मी त्याच्यावर एकदा स्टीलचा डबा फेकला आहे, एकदा लाटणं, आणि तीनदा थोबाडीत मारली आहे. बायकोने नवऱ्याला मारलं की लोक हसतात. मीही पार्ट्यांमध्ये हसत सांगायचे, "यार, कोकणातली आहे मी, जरा सांभाळून!" तोही हसायचा. ते हसणं मी खरं मानलं, कारण तेच माझ्या सोयीचं होतं.

तिसरी थोबाडीत यंदाच्या जानेवारीतली. गॅसवर दूध उतू जात होतं आणि हा शेजारी उभा राहून फोनवर नदीच्या पाण्याची पातळी बघत होता. आठ दिवस तो बोलला नाही. नवव्या दिवशी जेवताना म्हणाला, "पुन्हा हात उचललास तर मी राहणार नाही. नीट विचार करून सांगतोय." आवाज जराही चढला नव्हता, म्हणूनच मी घाबरले. मला तो हवा होता, आजही हवा आहे. तेवढंच सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं, "एप्रिलमध्ये मीही येते तुझ्याबरोबर नदीवर."

नदी विस्कॉन्सिनमधली, आमच्यापासून तीन तासांवर. तिथे तो दर वसंतात वॉलआय पकडायला जायचा. सोनेरी-हिरवट अंगाचा आणि काचेच्या गोटीसारख्या डोळ्यांचा हा मासा त्या दिवसांत अंडी घालायला नदीतून वर चढतो. नवरा तो पकडायचा, मोजायचा आणि सोडून द्यायचा. मी म्हणायचे, "मासा आहे की जावई?"

यंदा जाताना गाडीत त्याने मला पहिल्यांदाच सगळं समजावलं, किंवा मी पहिल्यांदाच ऐकलं. "सगळा खेळ लेव्हलचा आहे. पाणी कमी असलं की ते नदीतल्या खडीवरच अंडी घालतात आणि आपल्या गळाला लागतात. पाणी चढलं की काठावरच्या दलदलीत शिरतात, गवतावर अंडी घालतात. तिथे पिल्लं जास्त जगतात. आपल्याला मात्र हात हलवत परत यावं लागतं."

"आणि पाणी उतरलं तर?"

"हळूहळू उतरलं तर ठीक. अंडी फुटायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर गवतावर पाणी हवं. एकदम उतरलं तर संपलंच."

त्या शनिवारी नदी अंगावर येत होती. दाराएवढे बर्फाचे तुकडे काठावरच्या झाडांवर आपटून साली सोलून काढत होते. कुणाचा तरी लाकडी धक्का अख्खा वाहत आला, पुलाच्या खांबावर आदळला आणि फुटला. त्या आवाजाने माझ्या दातांत कळ गेली. नवऱ्याने चार तास गळ टाकला आणि काटक्या पकडल्या. मग तो मला दलदलीकडे घेऊन गेला. वीतभर पाण्यात एका जाडजूड मादीला चार-पाच नर धडका देत होते, ढकलत होते, उताणी पाडत होते, आणि त्या मारातच ती अंडी सोडत होती. नवऱ्याचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला होता. माझे हात शिवशिवत होते. ते त्याला दिसलं असावं, म्हणून मी ते खिशात घातले.

मग आठवडाभर पुन्हा कडाक्याची थंडी पडली, बर्फ वितळायचं थांबलं आणि नदी झपाट्याने उतरली. तो रोज सकाळी फोनवर पाण्याची पातळी बघायचा. दूध मीच बघत होते.

पुढच्या शनिवारी गेलो तर दलदलीत पाणीच नव्हतं. आडवं पडलेलं गवत आणि त्याला चिकटलेली अंडी. काही अजून ओली, बरीचशी वाळून पांढरी पडलेली. मधल्या एका खड्ड्यात तेवढं पाणी उरलं होतं, आणि नदीकडे जायची वाट तुटल्यामुळे तीसेक वॉलआय त्यात अडकले होते. त्यांच्या पाठी पाण्याबाहेर होत्या. नदीवरचे पक्षी त्यांचे डोळे टोचून काढत होते. डोळा गेलेला मासा शेपूट आपटत गोल फिरायचा आणि दुसऱ्या पक्ष्याच्या तावडीत सापडायचा.

नवऱ्याने मत्स्यखात्याच्या ऑफिसला फोन लावला. "हात लावू नका, माणसं पाठवतोय, म्हणाले," त्याने सांगितलं. आम्ही थांबलो. तो जॅकेट काढून पक्ष्यांच्या मागे धावत होता. एका टोकाचे हाकलावे तर ते दुसऱ्या टोकाला उतरायचे. तास झाला, दीड तास झाला. माझ्या हातात पाण्याची खोली बघायला आणलेली जाड काठी होती.

"मरणारच आहेत ते," मी म्हणाले. "असे कुरतडून मरण्यापेक्षा मी संपवते. आणि पोटात गाभोळी आहे, ती का वाया घालवायची?"

"नाही. काठीने मारणं इथे गुन्हा आहे. आणि येतायत ते लोक."

"कधी येणार? तेराव्याला?"

मी खड्ड्यात उतरले. पहिला घाव डोक्यावर बसला आणि तो मासा थरथरून सरळ झाला. दुसरा बसला. तिसऱ्याने एका मादीचं पोट फुटलं आणि पिवळी अंडी माझ्या बुटांवर सांडली. दया करते आहे असं मी पहिल्या घावापर्यंतच समजत होते. नंतर मला आनंद होत होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते आहे. खांद्यातून जोर येत होता, मी ओरडत होते, आणि जे हलेल त्यावर मारत होते. जित्याची खोड, दुसरं काय.

नवरा चिखलात धावत आला. "थांब! अगं, थांब!" माझ्या पुढ्यात एक मोठी मादी अजून धडपडत होती. तो गुडघ्यांवर बसला आणि तिला उचलायला त्याने दोन्ही हात तिच्याखाली घातले.

काठी वर होती. मला त्याचे हात दिसले होते. लग्नातली अंगठीसुद्धा दिसली होती. काठी मागे घ्यायला वेळ होता, आणि मी ती खाली आणली.

हाड मोडल्याचा आवाज झाला. तो ओरडला नाही. मादी त्याच्या मांडीवरून घसरून पुन्हा पाण्यात पडली. त्याने डावं मनगट छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही. मी "बघू, बघू" म्हणत पुढे झाले, तर तो बसल्या जागी मागे सरकला.

आम्ही गाडीपाशी पोचलो तेव्हा पाण्याची टाकी लावलेला ट्रक येताना दिसला. दोन माणसं मोठी जाळी घेऊन उतरली. आणखी अर्धा तास थांबायचं होतं, बस्स.

हॉस्पिटल वीस मिनिटांवर होतं. मी सारखं सॉरी म्हणत होते, तो खिडकीबाहेर बघत होता. तिथल्या नर्सने कसं झालं विचारलं, तर तो म्हणाला, "पाय घसरला. दगडावर पडलो." मला हायसं वाटलं. त्याची लाज वाटण्याआधी हायसंच वाटलं.

नर्सने माझ्या बाहीवरचे खवले बघितले, बुटांवरची अंडी बघितली, आणि मला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं. कापडी पडदा. आतलं सगळं ऐकू येत होतं. तिने त्याला विचारलं, घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं का?

मी पडद्याबाहेर हात जोडून उभी होते. 'हो म्हण, एकदाच हो म्हण, मी पुन्हा कधी...' असं मनात चाललं होतं. असं माझं याआधी तीनदा म्हणून झालं होतं.

"नो," तो म्हणाला. चहा नको म्हणावं इतक्या साध्या आवाजात.

मग त्याने तिला शॉमबर्गच्या एका मित्राचा नंबर दिला. मित्र न्यायला येईल, तोवर थांबतो, म्हणाला. नर्स बाहेर आली. तिच्या हातात कागद होता. तुम्हाला काही सांगायचंय का, असं तिने मला विचारलं. पाय घसरल्याची गोष्ट अजून त्या कागदावर होती.

"तो आत्ता बोलला ते खरं आहे," मी म्हणाले. "पाय घसरला नव्हता. मी मारलं, बघून मारलं. लिहून घ्या."