आपटेबाईंचे उजवे-डावे हात

चारुलता आपटे सांगलीच्या. दहिवडीच्या पुढं, आमच्या गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आल्या तेव्हा चोविशीच्या असतील. अंगानं बारीक आणि स्वभावानं भित्र्या. पाल दिसली तरी खुर्चीवर चढायच्या, पण वेळेच्या बाबतीत कुणाची गय नाही. वडिलांचं मोठ्या तबकडीचं घड्याळ त्यांच्या मनगटावर असायचं. अकराची घंटा झाली की वर्गाचं दार बंद. मागून येणारा बाहेर उभा. आम्ही पाठीमागं त्यांना घंटाबाई म्हणायचो.

रोज बाहेर असायची ती आमच्या वर्गातली हरणा; घरचं पाणी भरायचं तिच्याकडं. ते साल त्र्याहत्तर, दुष्काळाचं; माण तालुक्यात पाणी टँकरनं यायचं, आणि टँकर यायचा तो नेमका अकराला. बाईंनी उशिराचं कारण कधी विचारलं नाही आणि हरणानं सांगितलं नाही. आम्हाला सगळं ठाऊक होतं. पण मास्तरांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

फेब्रुवारीत तपासणीचं पत्र आलं. साताऱ्याहून साहेब येणार, बाईंचा पाठ बघणार आणि बाई कायम होणार की घरी जाणार हे त्यावर ठरणार. सांगलीत वडील अंथरुणाला खिळलेले, धाकट्या दोन बहिणी शिकत होत्या, आणि घर चालायचं ते बाईंच्या पगारावर. पत्र आल्यापासून बाईंचा जीव टांगणीला लागला. डबा तसाच परत जायचा. फळ्यावर लिहिताना बोटांत खडू मोडायचे. मला त्यांची कीव यायची आणि, खरं सांगतो, हसूही यायचं.

पाठ ठरला तो वेळेबद्दलच्या इंग्रजी वाक्प्रचारांचा. आठ दिवस तालीम चालली. 'किल टाइम' म्हणजे एसटीची वाट बघत पारावर खडे मोजत बसणं. 'इन द निक ऑफ टाइम' म्हणजे लोणंदला गाडीची शिट्टी झाल्यावर डब्यात पाय पडणं. शिकवायच्या मात्र झकास!

मग मुख्याध्यापकांनी त्यांना जुनी युक्ती सांगितली. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. उत्तर येणाऱ्यानं उजवा, न येणाऱ्यानं डावा. बाई उजव्यालाच उठवणार. कुणी कुठला हात करायचा याची यादी बाईंनीच केली. मी उजव्यात होतो. हरणाला न विचारताच डाव्यात टाकलं.

त्या दिवशी साहेब साडेअकराच्या एसटीनं येणार होते. हरणा नेहमीसारखी सव्वाअकराला आली, डोक्यावरच्या हंड्यानं केस भिजलेले. पट भरलेला दिसावा म्हणून बाईंनी तिला मुकाट्यानं आत घेतलं आणि शेवटच्या रांगेत बसवलं.

पाठ सुरू झाला. प्रश्नागणिक वर्गभर हात वर जायचे. उजवेवाले धडाधड उत्तरं देत होते. मीही दिलं. बाईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला, एवढ्यात साहेब खुर्चीवरून उठले.

"बाई, आता मी विचारतो. ज्यांचे डावे हात वर होते त्यांना."

तेही पूर्वी मास्तर होते. हा डाव त्यांनीही कधीतरी खेळला असणार. बाईंच्या हातातला खडू खाली पडला.

"मागची मुलगी. 'अगेन्स्ट द क्लॉक' वाक्यात वापर."

हरणा उभी राहिली. मी मनातल्या मनात शंभूमहादेवाला नारळ बोललो.

"टँकर कम्स ॲट इलेव्हन," हरणा सावकाश म्हणाली. "स्कूल बेल इज ॲट इलेव्हन. एव्हरी डे आय रन अगेन्स्ट द क्लॉक."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि 'बेटर लेट दॅन नेव्हर'?"

"आय कम लेट. बट आय कम."

"कुठं शिकलीस हे?"

"भाईर हुबी ऱ्हाऊन, साएब. दार लावलं तरी आइकू येतंय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिनं सांगितलं. साहेबांनी एकदा बाईंकडं बघितलं आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. जाताना साहेब मुख्याध्यापकांना म्हणाले, "पाठ चांगला झाला. बाईंना कायम करा."

घोडं एकदाचं गंगेत न्हालं. मुख्याध्यापकांनी पेढे मागवले. बाईंनी पेढा हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकराची घंटा झाली, पण बाईंनी दार लावलं नाही. शिकवता शिकवता त्या सारख्या दाराकडं बघत होत्या. सव्वाअकराला हरणा आली. दार उघडं दिसत असूनही ती बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. बाई उठून दारात गेल्या.

"हरणा, आत ये."

ती जागची हलली नाही. वाकून तिनं वर्गात नजर टाकली, कालची साहेबांची खुर्ची शोधली आणि गोंधळून म्हणाली,

"आवं बाई, पर आज साएब कुटं आल्यात?"