कढत पाण्यानंतर

गेल्या दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या पहाटे, माझ्या बायकोला अंघोळ करता करता दिसेनासं झालं. ती आत कढत पाण्याचे तांबे अंगावर घेत होती, आणि मी बाथरूमच्या दाराबाहेर उभा राहून सांगत होतो, "अजून घे, सगळं मोकळं होईल."

तिच्या पायांना काही आठवड्यांपासून मुंग्या येत होत्या. ती शाळेत चित्रकला शिकवते. दिवसभर उभं राहून होत असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं. आमच्या घराण्यात कुठल्याही दुखण्यावर पहिला इलाज म्हणजे शेक. मिठाची पुरचुंडी, तव्यावर तापवलेलं फडकं, आणि या सगळ्यांच्या वर कढत पाणी. येरवड्यातल्या फ्लॅटमध्ये बंबाच्या जागी गिझर आला, एवढाच काय तो बदल. अभ्यंगस्नान तर हक्काचं. मी उत्साहानं तिळाचं तेल कोमट केलं, तिचे पाय स्वतः चोळून दिले, उटणं कालवलं आणि वाफाळती बादली भरून दिली.

"अहो," ती आतून म्हणाली, "मला डाव्या डोळ्यानं दिसत नाहीये."

"उटणं गेलं असेल. धू."

"धुतला."

"अजून धू."

मग स्टूल घसरल्याचा आवाज आला. दाराला कडी नव्हती म्हणून बरं. ती भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. मी म्हटलं, "ऊठ." ती आपल्या पायांकडे बघत राहिली.

"सांगतेय त्यांना," ती म्हणाली. "ऐकत नाहीयेत."

तिला टॉवेलात गुंडाळून कसंबसं उचललं आणि पंख्याखाली निजवलं.  थोड्या वेळानं तिचे पाय हलले. डोळ्यापुढचं धुकं विरळ झालं. उजाडलं तेव्हा ती भिंत धरून स्वयंपाकघरात गेली, आणि मी सुटकेचा श्वास टाकून म्हणालो, "उपाशीपोटी कढत पाणी, चक्कर आली असणार."

फराळाला माझी धाकटी बहीण आली. तिला सांगितलं, तर म्हणाली, "वहिनी, ऐन दिवाळीत काम टाळायला बरं सुचलं हं तुम्हाला!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. बायकोही हसली, आणि हसता हसता तिच्या हातातली ताटली निसटून चकल्या जमिनीवर पसरल्या. तिच्या बोटांना ताटली सुटल्याचं कळलंच नव्हतं. ती अजून हात तसाच धरून होती.

भाऊबीज झाल्यावर आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "गरम पाणी, ऊन, ताप यांनी त्रास वाढतो का?" मी अंघोळीचं सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी विचारलं, "मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं वाटतं?"

मी म्हणालो, "नाही." त्याच क्षणी बायको म्हणाली, "हो."

"वह्यांवर वाकले की," ती पुढे म्हणाली. मला हे पहिल्यांदा कळत होतं.

"यापूर्वी डोळ्याला काही?"

"पावसाळ्यात. डावा डोळा हलवला की दुखायचा. मुलांच्या चित्रातला लाल रंग त्या डोळ्याला विटकरी दिसायचा. एकेक डोळा मिटून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं. काही आठवड्यांत आपोआप गेलं."

मी तिच्याकडे वळलो. आमच्या घरात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून या बाईनं एका डोळ्याचा लाल रंग गमावला होता आणि परत मिळवला होता, आणि मला पत्ता नव्हता.

एमआरआय झाला, मेंदूत आणि मज्जारज्जूत पांढरे डाग दिसले. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नसांवरच्या आवरणावर हल्ला करते, असं डॉक्टरांनी समजावलं.

"पाण्यामुळे झालं का?" मी विचारलं. 

"नाही. उष्णतेनं लक्षणं तात्पुरती वाढतात, आजार होत नाही."

"मग कशामुळे?"

"एकच एक कारण सांगता येत नाही. थोडा अनुवंश, काही जुने विषाणू, ड जीवनसत्त्व कमी असणं, असं बरंच मिळून. तुम्ही केलेल्या कशामुळे झालेलं नाही."

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोष माझा निघाला असता, तर काय बंद करायचं ते तरी कळलं असतं.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, "नवीन काही जाणवलं आणि दिवसभर टिकलं, तर लगेच कळवायचं. लवकर कळलं तर बरंच वाचवता येतं."

खाली पार्किंगमध्ये मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही डोळ्यात मध घातला असतात."

मी हसलो. ती हसली नाही.

"मुंग्यांचं सांगितलं होतं की," ती म्हणाली. "माझं वाक्य संपायच्या आत तुम्ही गिझर लावायला उठलात. तुम्ही कधी विचारत नाही हो. इलाज करता."

मी गाडीचं दार तिच्यासाठी उघडलं. ती गप्प राहिली म्हणून पावसाळा वाया गेला होता, आणि ती गप्प का राहिली ते मला आता कळलं होतं. ते कुठल्याही एमआरआयमध्ये दिसणार नव्हतं.

सलाइनमधून स्टेरॉइड झाले, पुढची औषधं सुरू झाली. ती पुन्हा शाळेत जाते, बसून शिकवते. परवा संध्याकाळी मी खराडीहून ऑफिस संपवून आलो, तर ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

"डावा तळवा कापसावर टेकतोय असं वाटतंय," ती म्हणाली.

"जरा मोजे—" माझ्या तोंडून निघून गेलं. मी तिथेच थांबलो. चपला काढल्या, तिच्यासमोर खाली बसलो.

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"तळवाच, की वरपर्यंत?"

"घोट्यापर्यंत."

"आणि मान?"

तिनं मान जरा पुढे वाकवून पाहिली.

"मान कालपासून," ती म्हणाली.

मी डॉक्टरांना फोन लावला.