रंग घरातल्यांनी निवडायचे

हावड्याच्या साइटवरून निताईबाबूंचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. निताईबाबू आमचे तिथले मुकादम. एरवी ओरडून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी कुजबुजत होता. "बॉम्ब टाकला... शेवडेबाबूंच्या अंगावरच." सियालदहजवळच्या ऑफिसातून मी तसाच धावत सुटलो, पण हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत दत्ता गेला होता. चेहऱ्यावरची चादर काढू नका, असं डॉक्टरच म्हणाले. मी त्याला उजव्या हातावरून ओळखलं. त्या हाताला दोन बोटं नव्हती. आज पाच आठवडे झाले.

दत्ता शेवडे जन्मला, वाढला बागबाजारात. घर मराठी, पण बंगालीत मुरलेलं. "थांब रे, जरा पाणी खातो," असं बंगाल्यांसारखं म्हणायचा आणि मी हसलो की चिडायचा. मी सांगलीहून ड्राफ्ट्समन म्हणून इथे आलो तेव्हा महिनाभर त्याच्याच घरी राहिलो. तो आर्किटेक्ट, माझा साहेब, पण साहेब म्हटलेलं त्याला चालायचं नाही. हावड्यातल्या एका कारखान्याने कामगारांसाठी चार मजली घरं बांधायचं काम आम्हाला दिलं, आणि दत्ताने डोक्यात घेतलं की प्रत्येक खिडकीखाली रंगीत एनॅमलच्या पत्र्याचं पॅनेल बसवायचं. चार स्क्रू काढले की बदलता येईल असं. रंग ज्याच्या त्याच्या आवडीचा. "क्वार्टर्स आणि तुरुंग लांबून सारखेच का दिसावेत रे?" असं तो म्हणायचा. मग त्याने पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. दर्शनी भिंतीला बारीक खाचा, त्यांत सरकणारे नखाएवढे तुकडे, नऊ रंगांचे. दर रविवारी ते मॉडेल घेऊन तो कामगारवस्तीत बसायचा. बायका तुकडे काढायच्या, घालायच्या, शेजारणीशी भांडायच्या. मालती नावाच्या बाईने तीनदा रंग बदलला आणि शेवटी पिवळ्यावर आली. दत्ता प्रत्येकीची निवड वहीत लिहून घ्यायचा.

पण त्या वस्तीत दोन पक्षांची पोरं एकमेकांचे गळे कापत होती. सकाळी गल्लीत प्रेत सापडणं ही बातमीसुद्धा राहिली नव्हती. एका गटाची चौघं आली : दर्शनी भाग लालच हवा. आठवड्याने दुसरा गट आला : एक जरी लाल पत्रा दिसला तर इमारत उभी राहणार नाही. दत्ताने दोघांनाही एकच उत्तर दिलं, "त्या खिडकीत जिला उभं राहायचंय, ती ठरवेल." त्यानंतर एका दुपारी सहाजण ऑफिसात शिरले. दार आतून लावलं. एकाने मॉडेलवर कोयता उगारला आणि दत्ताने मध्ये हात घातला... रंगीत तुकड्यांमध्ये बोटं पडली. त्याला लाथांनी तुडवलं, मॉडेलचा चुरा केला. मी टेबलाखाली होतो. बाहेर आलो तो ते निघून गेल्यावरच. हे न लिहिणं खोटं ठरेल.

दत्ता संत नव्हता. बोटं गेल्यावर तो फार कडू झाला. डाव्या हाताने नवं मॉडेल करताना, वही नव्याने लिहून काढताना रेघ चुकली की वस्तू भिरकावायचा. "सगळं राखाडी करून टाकू," असं मी एकदा म्हणालो तेव्हा त्याने लोखंडी पट्टी फेकून मारली. माझी भुवई फुटली. रुमालाने रक्त पुसत तोच म्हणाला, "मग माझी बोटं कशासाठी गेली, सांग." शेवटच्या दिवशी तो नमुन्याची पहिली पॅनेलं बसवून बघायला गेला होता. पहिलं पिवळं होतं. ते लावून दोन पावलं मागे सरकला, आणि बॉम्ब पडला.

तेरावं व्हायच्या आधी कारखान्याच्या साहेबांनी मला बोलावलं. सगळी पॅनेलं राखाडी, असा कागद पुढे केला. मी सही केली. बागबाजारात जाऊन दत्ताच्या बायकोला, नलिनीवहिनींना सांगितलं. त्या कपाटातले दत्ताचे कपडे काढत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "भावजी, तुम्हाला कुणी धमकी दिली?"

"नाही."

"मग?"

मी चपला घालून निघालो.

दोन दिवसांनी ऑफिसच्या जिन्यात गलका झाला. वाटलं, पुन्हा आले. दार उघडलं तर मालती, आणि तिच्यामागे दहाबारा बायका. राखाडीचं कानावर गेल्यावर पूल ओलांडून चालत आल्या होत्या. मालतीने आत पाऊलही टाकलं नाही. "बाबू नेई," ती म्हणाली, "किंतु खाता तो आछे?" बाबू नाहीत, पण वही तर आहे ना?

वही होती. मी कारखान्यात जाऊन सही मागे घेतली. साहेब भडकले, पण राखाडी घरांत आम्ही राहायला येणार नाही, असं त्या बायकांनी फाटकापाशी बसून सांगितल्यावर तयार झाले. माझ्या घरी चिठ्ठी आली : पुढचा तू. बायको-मुलीला मी सांगलीला पाठवलं. दत्ताचं डाव्या हाताचं वाकडं अक्षर लावत लावत एकेका घराचा रंग नीट उतरवून काढला. त्यात लाल सात निघाले आणि ते मी लालच लिहिले. सोमवारी ती यादी पत्रे रंगवणाऱ्यांकडे स्वतः नेऊन दिली. वर त्याचं नाव घातलं, खाली माझं.