तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट

नाशिकच्या एका लॅबमध्ये मी जंतूंची तपासणी करते. रक्तातले जंतू आधी वाढवायचे, मग प्लेटवर पसरून त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती किती जागा मोकळी राहिली ते पट्टीने मोजायचं. जंतू चकतीला खेटून वाढले असतील, तर ते औषध चालत नाही.

मागच्या श्रावणात एक बाई रिपोर्ट न्यायला आल्या. पन्नाशीच्या असतील. झेंडू लावणाऱ्या. पायाच्या जखमेतून त्यांच्या मिस्टरांच्या रक्तात जंतू गेले होते, आणि दुसऱ्या एका दवाखान्यातून नमुना आमच्याकडे आला होता.

"ते काल गेले," त्या म्हणाल्या.

"मग रिपोर्ट?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"लोकं इचारतात काय झालं. मला सांगताच येत नाय."

मी कागद पुढे केला. एक सोडून सगळ्या औषधांसमोर 'आर' होतं. 'आर' म्हणजे चालत नाही, हे मी सांगितलं. त्यांचं बोट खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हे येगळं हाय."

"ते चाललं असतं."

"त्यांना दिलं व्हतं का?"

नमुन्याबरोबरच्या फॉर्मवर चालू औषधं लिहिलेली असतात. त्यात ते नव्हतं.

"नाही. जंतू वाढायला वेळ लागतो, मावशी. तिसऱ्या दिवशी कळतं."

त्यांनी कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, "दिसतो का तो जंतू?"

आत कोणाला घेत नाहीत. मी बंद प्लेट दाराच्या काचेला आतून लावून धरली. पिवळट सायीसारखा थर, त्यावर चकत्या, एकीभोवती रिकामं वर्तुळ. त्यांनी काचेवर, नेमकं त्या वर्तुळावर बोट ठेवलं. रिपोर्टची चौघडी करून पिशवीत टाकली आणि गेल्या.

मी हात धुतले. डबा खाल्ला. कारल्याची भाजी होती. चांगली झाली होती. मला काहीतरी वाटायला हवं होतं, एवढंच तेव्हा कळत होतं.

असे दांडगे जंतू आम्ही टाकून देत नाही, गोठवून ठेवतो. दिवाळीनंतर संशोधन करणाऱ्यांनी त्या मावशींच्या मिस्टरांच्या रक्तातला जंतू मागितला. कोणत्या जनुकामुळे तो कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे त्यांना बघायचं होतं. मी तो बाहेर काढून नव्या प्लेटवर पसरला. सकाळी पाहिलं.

"छान वाढलाय," मी सहकारी बाईंना म्हणाले. नेहमी म्हणते तसंच.