कबुलीवर सुटलेला वेल्डर

तो वेल्डर अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि निवृत्त होऊन बहरीनला मुलीकडे राहायला आल्यापासून तर मुळीच नाही.

कोकणातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका वर्कशॉपमधून वेल्डिंग मशीन चोरीला गेली. खबऱ्याने तिथल्याच वेल्डरचं नाव दिलं. दोन दिवस चौकशी केली, पण पठ्ठ्या काही कबूल होईना. मशीन मिळाली नाही, तरी मी दोषारोपपत्र पाठवलं. जामीनदार न मिळाल्याने तो दोन महिने आतच राहिला. इकडे बहरीनमध्ये, सलमाबादच्या एका गॅरेजात असलेल्या त्याच्या भावाने त्याच्यासाठी व्हिसाची खटपट चालवली होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात त्याने विचारलं, "साहेब, केस कधी संपेल?"

"कबुलीवर सूट," मी म्हणालो.

हा आमच्या ठाण्यातला शब्दप्रयोग. भांडत बसायचं नाही, गुन्हा कबूल करायचा. आत काढलेले दिवस हीच शिक्षा धरून कोर्ट बहुधा सोडून देतं. ऐकायला सुटका, कागदावर मात्र शिक्षाच. हे मी त्याला सांगितलं नाही. माझीही एक केस निकाली निघत होती ना!

तो कबूल झाला, सुटला, माझ्या पाया पडून गेला.

महिन्याभराने एका भुरट्या चोराने तीच मशीन काढून दिली. नंबर जुळला. कोर्टाला कळवायला हवं होतं. ठाण्याची शोभा होईल म्हणून मी गप्प बसलो. व्हिसासाठी लागणाऱ्या पोलीस क्लिअरन्सचा वेल्डरचा अर्ज आला, तेव्हा 'शिक्षा झालेली आहे' असा शेरा मारून सहीही केली. त्या सहीची मला लाज वाटते.

परवा जावयाची गाडी दाखवायला सलमाबादला गेलो, तर फोरमन त्या वेल्डरचाच भाऊ निघाला. बोलण्यात गावाचं, ठाण्याचं नाव निघताच त्याने मला ओळखलं, चहा मागवला.

"वकील त्याला सांगत होता, कबूल होऊ नको," तो म्हणाला. "पण हा म्हणे, खुद्द साहेब सांगतायत. मग काय, व्हिसा खलास."

कोठडीतल्या माणसाला पोलिसाचा सल्ला हुकूमच वाटतो, हे मला तिथे, त्या खुर्चीत कळलं. मी मशीनची हकीकत सांगून टाकली. त्याने गावी भावाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "त्यालाच सांगा."

मी सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, एवढं लिहून द्या. मुलीचं लग्न ठरवायचंय. गावात अजून चोराचं घर म्हणतात."

मी लिहून दिलं, खाली सही केली. शिक्का मारायचा अधिकार मात्र आता माझ्याकडे नाही.