तेलाच्या डब्यांची खोली

"मार बरं एक मिस कॉल!"

समोरच्या किराणा दुकानातून अप्पांची अशी हाक आली, की मी समोरचं गिऱ्हाईक सोडून त्यांचा नंबर लावायचा. आपला मोबाइल आतल्या खोलीत ठेवून, दार लावून, अप्पा बाहेरून कान देऊन उभे असायचे. वाजला, की तोंड पाडून पुन्हा पत्र्याची कात्री हातात घ्यायचे.

सिरसाळ्यात आमची दुकानं समोरासमोर. माझं मोबाइल रिचार्जचं, म्हणजे त्यांच्या लेखी मी शत्रुपक्षातलाच. पण परीक्षेला दुसरं कोण मिळणार? काकूंच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या, डोक्यात गाठ निघाली होती. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्यायला सांगितलं. अप्पांनी मात्र गुन्हेगार शोधून काढला : शेजारच्या गच्चीवरचा टॉवर.

"त्याच्या लहरी भिंतीतून येत्यात. त्या आडवल्या की गाठ आपसूक वाळंल."

तुम्ही असता तर समजूत घातली असती. मीही घातली. "अप्पा, डॉक्टर तसं काही म्हणाले नाहीत."

"डॉक्टरच्या डोक्यावर हाय का टॉवर?"

तेलाचे रिकामे डबे अप्पा एरवी विकायचे. आता त्यांनी ते उभे कापले, ठोकून सपाट केले आणि काकूंच्या खोलीच्या भिंती, छत, खिडकी, सगळं मढवून टाकलं. दाराच्या फटीत चहाच्या पुड्यांची चंदेरी पन्नी कोंबली. काकू खाटेवरून म्हणायच्या, "मला काय गोडंतेल समजलाव का? डब्यात भरायलाव!" आम्ही हसायचो. उन्हं चढली, की ती खोली भट्टीसारखी तापायची. तेव्हा हसू यायचं नाही.

आणि एक दिवस फोन वाजलाच नाही. अप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. "दसऱ्यापत्तुर उठून बसती का न्हाई बघ!"

त्या दिवसापासून लातूरच्या लेकीचा फोनही आत लागेनासा झाला. "मला वसरीवर न्या हो, पोरीशी बोलू द्या," काकू म्हणायच्या. "जरा बरी हो, मग बोल पोटभर," अप्पा म्हणायचे. फार जीव होता हो त्यांचा तिच्यावर. तोच नडला.

शेवटी लेकीने माझ्या दुकानात फोन केला. "दादा, आईला माझा आवाज तरी ऐकवा." मी फोन घेऊन धावलो. उंबरा ओलांडला आणि लाइन तुटली. काकूंना उचलून बाहेर घेऊ म्हटलं, तर अप्पा दारात आडवे. "नगं रे बाबा. वाळाय लागली हाय गाठ. थोडक्यासाठी घालवू नगंस." काकू माझ्या हातातल्या फोनकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

त्यांच्यात दहन नसतं. खड्ड्यात बसवून माती देतात. खड्डा खणून झाला तसे अप्पा कुणाला न विचारता आत उतरले. मोबाइल तळाशी ठेवला आणि वर माझ्याकडे बघितलं.

"मार बरं एक मिस कॉल."

लेक रडायची थांबली. मी नंबर लावला आणि मनात म्हटलं, नको वाजू रे बाबा आज.

फोन खणखणीत वाजला.

"हितं बी येतंय," अप्पा म्हणाले. "आता कुठं ठिवू हिला?"

आम्ही हात देऊन त्यांना वर ओढलं. फोन आत वाजतच राहिला. कट करायचं मला सुचलंच नाही.